डिस्नीच्या रांगा आणि घरची सहा माणसं

पत्र

नमस्कार ताई,

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. सासू-सासरे ऑक्टोबरअखेर सांगलीहून येतील आणि मार्चमध्ये परत जातील. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. नाताळच्या सुट्टीत, २६ ते ३० डिसेंबर, ऑर्लँडोला जायचं चाललंय. बाकी दिवस इकडेतिकडे, पण एक अख्खा दिवस तिथल्या डिस्नीच्या मॅजिक किंगडम पार्कसाठी ठेवलाय. तिकिटं अजून काढलेली नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात एका पार्कात गेलो होतो. अकराला पोचलो, संध्याकाळी सातला निघालो आणि तेवढ्या वेळात मुलं जेमतेम चार राइड्समध्ये बसली. बाकी सगळा दिवस रांगेत. म्हणून या वेळी नवऱ्याने पंधरा-पंधरा मिनिटांची एक्सेल शीट केली आहे आणि रांग चुकवायचा जो वेगळा पास मिळतो तो सहाही जणांना घेऊ म्हणतो. हे फोनवर ऐकून सासरे (आम्ही अप्पा म्हणतो, वीज मंडळातून रिटायर झालेत) भडकले. "तिकिटाचे पैसे भरायचे आणि वर रांग चुकवायचे वेगळे? मी उभा राहून नंबर धरतो, तुम्ही पोरांना घेऊन आयत्या वेळी या." सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्या म्हणतात, मी डबा करते, तुम्ही फिरा, मी आपली बाकावर बसते. मला धास्ती आहे की एवढा खर्च करून सगळे एकमेकांवर चिडून परत येणार. रांगा खरंच टाळता येतात का?

— रांगेला कंटाळलेली

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

बऱ्याचशा टाळता येतात. पण आधी तुमच्याच पत्रातली एक गोष्ट बघा. नवऱ्याची शीट, अप्पांचा नंबर आणि सासूबाईंचं बाक, या तिन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे: सहा माणसांचा मिळून एकच दिवस असतो. सहाजणांना एकाच वेळी भूक लागत नाही, सगळ्यांना एकच राइड आवडत नाही आणि एकाच वेळी बाथरूमलाही जायचं नसतं. तरी आपल्याकडे ‘सगळे मिळून’ याला इतकं महत्त्व, की सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या चालीने सगळं घर चालतं आणि एकट्या पोरीला बसायचं असेल तरी त्या रांगेत पाचजण तिला सोबत म्हणून उभे राहतात. मागच्या उन्हाळ्यातला तुमचा बराचसा दिवस तिथेच गेला असणार, अशी मला दाट शंका आहे.

ते मी पुढे घेते. तिकिटं काढलेली नाहीत हे वाचून मला हायसं वाटलं, म्हणून आधी तारखांचं.

नाताळ ते नवं वर्ष हा तिथला वर्षातला सगळ्यांत भयंकर आठवडा. सासू-सासरे मार्चपर्यंत इथे आहेत, म्हणजे चार महिने हातात असताना तुम्ही नेमका तो आठवडा उचललात. शाळेसाठी, हे कळतं. पण चार वर्षांच्या मुलाची शाळा तीन दिवस बुडाली तर आभाळ कोसळत नाही, आणि मुलीच्या शिक्षकांशी आधी बोलून ठेवलं तर तिचंही निभावतं. ते जमत नाही म्हणून नोव्हेंबरच्या सुरुवातीला जोडून सुट्टी आहे, तेव्हा जाऊ, असं मात्र डोक्यात आणू नका. न्यू जर्सीतल्या शिक्षकांचं अधिवेशन तेव्हा अटलांटिक सिटीला भरतं, गुरुवार-शुक्रवार शाळा बंद असतात, आणि अर्धी जर्सी हाच विचार करून ऑर्लँडोला जाते. पार्कचे नेहमीचे लोक त्या आठवड्याला ‘जर्सी वीक’च म्हणतात. एडिसनमधली सगळी ओळखीची तोंडं बघायला फ्लोरिडापर्यंत कशाला जायचं?

मला विचाराल तर डिसेंबरचा पहिला पंधरवडा धरा. थँक्सगिव्हिंगची गर्दी ओसरलेली असते, नाताळची सुरू झालेली नसते, आणि सजावट, दिवे, मोठं झाड सगळं नोव्हेंबरपासूनच लागलेलं असतं. त्यातही एक खुबी आहे. नोव्हेंबर-डिसेंबरातल्या ठरावीक रात्री मॅजिक किंगडममध्ये नाताळची वेगळ्या तिकिटाची पार्टी असते. त्या दिवशी साध्या तिकिटवाल्यांसाठी पार्क संध्याकाळी सहालाच बंद होतं. एवढे पैसे भरून सहाला बाहेर पडायचं कोणाच्या जिवावर येणार नाही? म्हणून पुष्कळ लोक तो दिवस टाळतात आणि दिवसा गर्दी कमी होते. तुमच्याबरोबर दुखऱ्या गुडघ्यांच्या आजी आहेत, एक चार वर्षांचा मुलगा आहे. सहानंतर ही दोघं तशीही काय करणार होती? छोटा दिवस तुमच्या घराला सोयीचाच आहे. आतषबाजी मात्र त्या दिवशी पार्कात बसून बघायला मिळत नाही. ती पार्कासमोरच्या तळ्याच्या अलीकडून, बोटीच्या धक्क्यापाशी उभं राहूनही बरी दिसते. पार्टीच्या तारखा आधीच जाहीर होतात, त्या बघून दिवस ठरवा.

डिसेंबर नाहीच जमला तर जानेवारीतल्या मार्टिन ल्यूथर किंग दिनाचा लांब वीकेंड संपल्यापासून फेब्रुवारीतल्या प्रेसिडेंट्स डेच्या आधीपर्यंतचे आठवडे. तेव्हा सकाळी चांगली थंडी असते, आजींची शाल लागेल. दोन-चार राइड्स दुरुस्तीसाठी बंदही असतात, ती यादी आधी बघून घ्या, नाहीतर मुलगी ज्या राइडसाठी वर्षभर मागे लागली होती तिच्याभोवती पत्रे ठोकलेले दिसतील.

आणि डिसेंबरअखेरच जायचं असेल तर जा, पण पुढे लिहिते त्यात मग सूट नाही.

मॅजिक किंगडमची एक गंमत अशी की पार्किंग पार्कला लागून नाही. गाडी लावायची किंवा भाड्याच्या गाडीतून उतरायचं ते तळ्याच्या अलीकडे, आणि तिथून मोनोरेलने किंवा बोटीने पलीकडे जायचं. तपासणी, मोनोरेलची वाट, मग फाटक. लोक ‘नऊला उघडतं’ म्हणून पावणेनऊला गाडी लावतात आणि साडेनऊ-पावणेदहाला आत शिरतात, तोवर सकाळ संपलेली असते. नऊची वेळ असेल तर गाडी पावणेआठच्या आधी लागलेली हवी. डिस्नीच्या हॉटेलात उतरलात तर हॉटेलची बस थेट फाटकापाशी सोडते. शिवाय त्या हॉटेलांतल्या पाहुण्यांना रोज अर्धा तास आधी आत सोडतात. ही हॉटेलं महाग आहेत, पण त्यातली एक रात्र, फक्त मॅजिक किंगडमच्या आदल्या दिवशीची, घेतली तरी पुरते. बाकीचे दिवस बाहेर स्वस्तात राहा. सहाजणांच्या पासांवर जे पैसे घालवणार होतात ते इथे घातलेत तर मी नवऱ्याला जास्त शहाणा म्हणेन.

त्या अर्ध्या तासात फँटसीलँड आणि टुमॉरोलँड हे दोनच भाग उघडतात. तेव्हा लवकर शिरायला मिळालं तर सरळ ‘सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन’ गाठा आणि तिथून ‘पीटर पॅन्स फ्लाइट’. दिवसभर या दोघींच्या रांगा फार लांबतात. लवकर शिरायला मिळालं नाही तर मात्र या दोन्हींकडे फिरकू नका, तिथे आधीच माणसं उभी असतील. नऊच्या ठोक्याला डावीकडे, ॲडव्हेंचरलँडला वळा. ‘जंगल क्रूझ’ आधी, मागोमाग ‘पायरेट्स’. पहिल्या दोन तासांत जेवढं होतं तेवढं अकरा ते चार या पाच तासांत होत नाही. चहा, फोटो, मिकीच्या कानांची खरेदी हे सगळं अकरानंतर. मुख्य रस्त्यावरची दुकानं कुठे पळून जात नाहीत.

पीटर पॅनचं नाव वाचून नवऱ्याला वाटेल, त्यात काय एवढं? तीन मिनिटांची जुनी, लहान मुलांची राइड. तेच तर सांगायचंय. रांग किती लांब लागणार हे राइड किती भारी आहे यावरच ठरत नाही, ती तासाला किती माणसं गिळते यावरही ठरतं. पीटर पॅनमध्ये दोन-तीन माणसं बसतील एवढंच छोटं गलबत असतं, आणि लहान मुलं असलेल्या प्रत्येक घराला त्यात बसायचं असतं. उलट ‘हाँटेड मॅन्शन’ घ्या. तिथे खुर्च्यांची माळ सतत फिरत असते, सहसा थांबतच नाही, तुम्ही सरकत्या पट्ट्यावरून चालता चालता बसता. तासाला दोन हजारांवर माणसं त्यातून जातात, पीटर पॅनच्या जवळपास दुप्पट. म्हणून बाहेर दोनशे माणसं दिसली तरी हाँटेड मॅन्शनची रांग चालत राहते, आणि पीटर पॅनची तेवढ्याच माणसांची रांग रडवते. ‘पायरेट्स’ आणि ‘स्मॉल वर्ल्ड’मध्ये मोठ्या बोटी एकामागोमाग सुटतात, त्यामुळे त्यांच्याही रांगा पळतात. तेव्हा रांगेच्या शेपटाला घाबरू नका. आधी दोन मिनिटं उभं राहून ती सरकते कशी ते बघा. ज्या राइड्स हळू गिळतात त्या सकाळी, ज्या भराभर गिळतात त्या भरदुपारी. एक्सेलमध्ये एवढा एकच कॉलम असता तरी चाललं असतं.

डिस्नीच्या ॲपमध्ये प्रत्येक राइडची मिनिटं दिसतात. सकाळी नऊला आणि रात्री बंद व्हायच्या सुमाराला ती सहसा फुगवलेली असतात, म्हणून आकड्याने बिचकू नका. आणि हाँटेड मॅन्शनवर १३ मिनिटं लिहिलेली दिसली तर पळत जा, रांग जवळपास नसतेच. तो अशुभ आकडा भुतांच्या बंगल्यावर मुद्दाम लावतात.

आता त्या पासाचं, ज्यावरून फोनवर भांडण झालं.

अप्पांचा राग मला पटतो. १९९९ पासून डिस्नीचा ‘फास्टपास’ तिकिटातच मिळायचा, वेगळा पैसा नाही. वेळ घ्यायची, त्या वेळी यायचं, दुसऱ्या दाराने आत. २०२० मध्ये कोरोनात पार्क बंद झालं तेव्हा तो गेला, आणि २०२१ मध्ये परत आला तो पैसे लावून. २०२४ पासून त्याचं नाव ‘लाइटनिंग लेन मल्टी पास’. शिर्डीला पास काढून आत जाणारे दिसले की साध्या रांगेतल्या माणसाला जे वाटतं, तेच इथेही वाटतं, कारण पासवाल्यांना आधी सोडतात आणि साधी रांग तेवढी मागे थांबते. तेव्हा अप्पांना चूक ठरवायला जाऊ नका. त्यांना इतकंच सांगा की पास माणशी असतो, घराशी नाही. ज्याला बसायचंय त्यानेच घ्यायचा. अप्पांनी घ्यायचाच नाही, मग त्यांनी चिडायचंही कशावर?

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात गेलात, सकाळी वेळेवर शिरलात, तर मी मल्टी पास कोणालाच घेणार नाही. मुलीला ‘ट्रॉन’मध्ये बसायचं असेलच (अकरा वर्षांच्या कुठल्या मुलीला नसतं?). त्याचा एकट्या राइडचा ‘सिंगल पास’ मिळतो, तो तिला आणि तुमच्यापैकी एकाला घ्या. सहा माणसांचा खर्च दोन माणसांवर आला. नाताळातच जाणार असाल तर मल्टी पास चौघांना: तुम्ही दोघं आणि मुलं. त्याचा भाव दिवसागणिक बदलतो, गर्दीत माणशी तीस डॉलरच्या वर जातो. डिस्नीच्या हॉटेलातल्यांना सात दिवस आधी आणि बाकीच्यांना तीन दिवस आधी सकाळी सातला तीन राइड्सच्या वेळा घेता येतात. पहिली राइड झाली की चौथीची वेळ घ्यायची, दुसरी झाली की पाचवीची. म्हणून आधीच्या तीन वेळा सकाळच्याच घ्या. दुपारची घेतली की पुढचं सगळं अडकून पडतं. ‘प्रीमियर पास’ म्हणून आणखी एक प्रकार आहे, गर्दीत माणशी चारशे डॉलरच्या पुढे जातो. तो अप्पांच्या कानावर घालूच नका.

अप्पांचं नंबर धरणं मात्र जमणार नाही. दुसऱ्यासाठी रांगेत जागा धरून ठेवायला पार्कच्या लेखी नियमांत मनाई आहे. रेशनच्या, रेल्वेच्या, बँकेच्या रांगेत चालून गेलं ते तिथे नाही चालत. मागून चारजण घुसले की मागचे लोक बोलतात, अप्पा उलटून बोलणार, आणि मग तुम्ही दोघींनी कुठे तोंड लपवायचं? त्यातून एखादा उंच फ्लोरिडावाला भेटला तर विचारायलाच नको.

पण अप्पांना जे हवंय त्याची अधिकृत सोय पार्कात आहे. तिला ‘रायडर स्विच’ म्हणतात, पैसे पडत नाहीत. लहान मूल उंचीत बसत नसेल तर राइडच्या दारातल्या माणसाला आधी सांगायचं. एकजण मुलाला घेऊन बाहेर थांबतो, बाकीचे रांगेतून जाऊन येतात, मग बाहेर थांबलेला माणूस परत रांग न लावता जातो. तुमच्या मुलाची उंची बूट घालून आत्ताच दारापाशी मोजा. ट्रॉनला १२२ सेंटिमीटर लागतात, ‘स्पेस माउंटन’ला ११२, पाण्याच्या ‘टिआना’ला १०२, माइन ट्रेनला ९७ आणि ‘बार्नस्टॉर्मर’ला ८९. चार वर्षांचा मुलगा साधारण शंभराच्या आसपास असतो, म्हणजे माइन ट्रेनमध्ये तुमच्याबरोबर बसेल, ट्रॉन आणि स्पेस माउंटनमध्ये नाही. हे त्याला एडिसनलाच सांगून ठेवा. राइडच्या दारात पट्टीखाली उभं करून ‘नाही’ म्हटलं की जे रडणं निघतं ते कुठल्याही पासाने आवरत नाही.

तुम्ही म्हणाल, रायडर स्विच कशाला, आजी-आजोबा आहेत की नातवाला बघायला. एखाद वेळी बघतील, आनंदाने बघतील. पण प्रत्येक राइडला त्यांच्या हातात मूल, पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या देऊन तुम्ही आत जाणार असाल, तर सासूबाईंच्या ‘मी बाकावर बसते’ला तुम्ही होकार दिलात असं होईल. त्यांना सांगलीहून पाळणाघर चालवायला आणलेलं नाही.

त्यांच्यासाठी पार्कात खूप आहे आणि नशिबाने तिथेच रांगा नसतात. अप्पा वीज मंडळातले ना? त्यांना टुमॉरोलँडच्या ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’मध्ये बसवा. १९६४च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात जनरल इलेक्ट्रिकसाठी हे बनवलं, मग कॅलिफोर्निया, आणि १९७५ पासून इथे. रंगमंच जागेवर राहतो, प्रेक्षकांच्या खुर्च्या त्याच्याभोवती फिरतात, आणि घरात वीज आली तसतसं एका कुटुंबाचं काय काय बदलत गेलं ते वीसेक मिनिटांत दाखवतात. एका प्रवेशात घरभर तारा लोंबकळत असतात, एकाच वेळी सगळं चालू होतं आणि फ्यूज उडतो. अप्पांना इंग्रजीचं एक वाक्य नाही कळलं तरी हा प्रवेश कळेल, आणि संध्याकाळपर्यंत ते तुम्हाला लोड किती होता ते समजावून सांगतील. गार हवा, बसायला खुर्ची, रांग जवळपास नाही. बाहेर पडलं की समोरच ‘पीपलमूव्हर’. वरून दहा मिनिटं सगळ्या टुमॉरोलँडभोवती फिरवून आणतो, स्पेस माउंटनच्या पोटातूनही जातो. चढायला सरकता पट्टा आहे, सासूबाईंचा हात धरून न्या. तो त्यांना एकदा आवडला की पुन्हा पुन्हा बसतील, कोणी काही म्हणत नाही. ‘हॉल ऑफ प्रेसिडेंट्स’ आणि ‘फिलहारमॅजिक’ही बसून बघायचे. माइन ट्रेनमध्ये त्यांना नका ओढू, पण ‘स्मॉल वर्ल्ड’च्या बोटीत सगळे मिळून बसा. ती एक राइड सहाजणांची ठेवा.

गुडघ्यांसाठी फाटकापाशी व्हीलचेअर भाड्याने मिळते. सासूबाई ‘मी काय पांगळी आहे का’ म्हणतील. तुम्ही ती पिशव्या ठेवायला घेतोय असं सांगा, दुपारी त्या आपोआप बसतील. मात्र व्हीलचेअर दिसली की पुढे सोडतात, या भरवशावर राहू नका. आता बहुतेक रांगांतून खुर्ची जाते आणि ती सगळ्यांबरोबरच जाते.

डबा जरूर न्या. बाहेरचं खाणं आत नेऊ देतात, फक्त गरम करावं लागेल असं नको आणि काचेचं भांडं नको. दशम्या, चटणी, लाडू चालतील, लोणच्याची काचेची बरणी फाटकातच काढून ठेवतील. रांगा फक्त राइड्सना असतात असं आपण धरून चालतो. दुपारी बारा ते दीड जेवणाच्या रांगा बघितल्यात की सासूबाईंच्या डब्याची किंमत कळेल. मुलांना पिझ्झा-फ्राइज हवेच असतील तर ॲपवरून सकाळीच ऑर्डर देऊन अकराची वेळ घ्या, डबा तिथेच बसून खा.

आता नवऱ्याची शीट. ती फाडू नका, तिने त्यांचा जीव शांत होतोय. अकरापर्यंतची शीट पाळा, अगदी मिनिटामिनिटाला पाळा. अकरानंतरची पानं हॉटेलात राहू द्या. त्याऐवजी निघायच्या आदल्या रात्री सहाजणांकडून प्रत्येकी एकच गोष्ट लिहून घ्या, ‘ही झाली नाही तर वाईट वाटेल’ अशी. मुलगी ट्रॉन लिहील, धाकटा बहुतेक उडता हत्ती ‘डंबो’ (त्याची चाकं २०१२ पासून दोन केलीत, त्यामुळे पूर्वीइतकं थांबावं लागत नाही). नवरा काहीतरी भीतीदायक लिहील आणि तुम्ही ‘मला काहीही चालेल’ लिहाल. ते खोडून खरं काय ते लिहा. या सहा गोष्टी झाल्या की दिवस वसूल. बाकी जे मिळेल ते वर.

दिवस प्रत्यक्षात असा पडेल: सकाळी तुम्ही चौघं पळायचं, अप्पा-आईंनी सावकाश यायचं. त्यांना सकाळी सातला थंडीत फाटकावर उभं करण्यात काही अर्थ नाही. त्यांची तिकिटं त्यांच्या फोनवर टाकून ठेवा, दहाच्या सुमाराला ते हॉटेलच्या बसने येतील. ज्यांनी सांगली ते न्यू जर्सी प्रवास केला त्यांना एक बस जमते. पार्कात वायफाय फुकट आहे, व्हॉट्सॲपवर सापडत राहाल. अकराला टुमॉरोलँडच्या ‘कॉस्मिक रेज’मध्ये भेटून जेवायचं. मग नातू आजी-आजोबांबरोबर पीपलमूव्हरमध्ये आणि तुम्ही तिघं स्पेस माउंटनला, किंवा नवरा-मुलगी ट्रॉनला आणि तुम्ही सासूबाईंबरोबर निवांत कॅरोसेलमध्ये. एखादी राइड चुकली म्हणून नवरा कुरकुरला तर त्यांना एकट्याला पाठवा. एकटा माणूस कुठेही पटकन जाऊन येतो.

दुपारी तीनला परेड असेल. बघायची नसेल तर तेवढा वेळ राइड्सना बरा, कारण लोक रस्त्याच्या कडेला बसलेले असतात. उशिरापर्यंत पार्क उघडं असेल त्या दिवशी आतषबाजीच्या वेळीही तसंच होतं.

आणि शेवटची युक्ती नवऱ्यासाठी. पार्क बंद व्हायच्या मिनिटाला जो रांगेत असेल त्याला राइड मिळते. म्हणजे पार्टीच्या दिवशी सहाला बंद होणार असेल तर पावणेसहाला नवरा आणि मुलगी यांनी ठरलेली शेवटची रांग धरायची, पाटीवर चाळीस मिनिटं लिहिलेली असली तरी. तेवढ्यात तुम्ही अप्पा, आई आणि धाकट्याला घेऊन फाटकाबाहेर पडा आणि बस पकडा. सहा वाजून दहा मिनिटांनी हजारो माणसं एकदम बाहेर येतात, आणि तेव्हाच्या बसच्या रांगेला कुठलाही पास नाही.